लाल चौकटीतली बायडाबाई

खंडेनवमीला कसबा बावड्यात कुणाच्या घरात कशाची पूजा होईल ह्याचा नेम नसतो. कोयता, खुरपं, विळा हे तर झालंच. पण कुणी दुधाचं माप मांडतं, कुणी केस कापायचं मशीन, आणि एका वर्षी एका गड्यानं पाटावर स्वतःचाच फोटो मांडला होता, का तर म्हणे तोंड हेच माझं हत्यार. पण पाटावर तीन कॉम्प्युटर बसलेत आणि त्यांना झेंडूचं फूल नेमकं कुठं वाहायचं हेच कळंना झालंय, असला प्रकार त्या गल्लीनं पहिल्यांदाच बघितला.

कॉम्प्युटर म्हटल्यावर टेबलावरचं ते मोठं धूड डोळ्यांपुढं आणू नका. हे तिन्ही हाताच्या पंज्यावर मावणारे बोर्ड. एक हिरवा, एक काळा आणि तिसरा ॲल्युमिनियमच्या डबीत गच्च बंद केलेला, त्याला सगळे नुसतं 'डबा' म्हणत. ह्या तिघांतला एक आण्णांच्या ट्रॅक्टरवर चढवायचा होता, आणि तोही आजच, कारण दुपारी कुरुंदवाडचं पावणं ट्रॅक्टर बघायला येणार होतं. बोर्ड चालला तर ट्रॅक्टर घरात राहणार. नाही चालला तर उद्या दसऱ्याच्या मुहूर्तावर ट्रॅक्टर कुरुंदवाडला आणि आण्णा कायमचे कट्ट्यावर. संयोगिताला सकाळपासून हसू आवरत नव्हतं. घाबरली की ती हसायची, त्याला ती तरी काय करणार! दहावीच्या निकालाला ती इतकी हसली होती की आईनं आधी तिची दृष्ट काढली आणि मग किती मार्क पडले ते विचारलं.

आण्णा म्हणजे संयोगिताचे वडील. आख्ख्या बावड्यात दोन ट्रॉल्या जोडून ट्रॅक्टर मागं घेणारा त्यांच्यासारखा दुसरा गडी नव्हता. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? बसून बघा एकदा. एक ट्रॉली मागं घेणं म्हणजे हट्टी रेडकू गोठ्यात ढकलणं. दोन ट्रॉल्या म्हणजे एका रेडकानं दुसऱ्या रेडकाला ढकलायचं आणि तुम्ही लांबून फक्त पहिल्याचे कान धरायचे. स्टेअरिंग उजवीकडं वळवलं की पहिली ट्रॉली डावीकडं जाते आणि दुसरी तिच्या मनाला येईल तिकडं. जत्रेत रिव्हर्सच्या शर्यती लागल्या आणि आण्णांचं नाव पुकारलं की बाकीचे गडी दुसऱ्या नंबराची तयारी करत. ट्रॅक्टरवर दोन हे एवढाले स्पीकर, आणि त्यांवर हलगीची रेकॉर्ड लावलेली. "हलगी लागल्याबिगर माझा पाय क्लचवर पडत न्हाई," असं ते सांगत, आणि ते खरंच होतं.

गेल्या वर्षी त्यांच्या मानेच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. आत पट्टी बसली, स्क्रू बसले. डॉक्टर म्हणाले, ट्रॅक्टर खुशाल चालवा, पण मागं वळून बघायचं नाही. आता ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्या जोडल्यावर आरशात दिसतो तो नुसता ऊस. मागं वळून न बघता त्या लावायच्या कशा, हे डॉक्टरांना कुणी विचारलं नाही. संयोगिताच्या चुलतभावानं, सम्राटनं, एक हंगाम चालवून बघितला आणि शेजाऱ्याची न्हाणी पाडली. शेजारी आत होता.

तेव्हापासून ट्रॅक्टर दारात आणि आण्णा कट्ट्यावर. कुणी हाक मारली तर सगळं अंग वळवायचं, खोलीतलं कपाट फिरवल्यागत. लोकांनी ते बघितलं की आण्णांना मेल्याहून मेल्यागत व्हायचं. घरात 'मान' हा शब्दच बंद झाला. कुणी चुकून कुणाच्या मानपानाची गोष्ट काढली तरी ते भरल्या ताटावरून उठत. हसणारा, हसवणारा माणूस. वर्षभरात त्यांचा एक दात कुणाला दिसला नव्हता. एक दिवस ते संयोगिताला म्हणाले, "खंडेनवमीपतोर तुझं मशीन चालू झालं तर चालवीन. न्हाईतर माझ्यासमोर ही वस्तू उभी ऱ्हायला नको. काळीज जळतंय."

संयोगिताला जे आठवायचं ते निराळंच. लहानपणापासून तिच्या गल्लीतला सगळ्यात मोठा खेळ म्हणजे आण्णांचा रिव्हर्स. ट्रॅक्टर मागं यायला लागला की तिची आई, बायडाबाई, शेवटच्या ट्रॉलीच्या फाळक्यामागं, म्हणजे मागच्या पत्र्याच्या दारामागं, उभी राहायची. कोंबड्या हाकलायची, पोरं हाकलायची, "येऊ द्या, येऊ द्याऽऽ" म्हणून ओरडायची. आणि मधल्या वेळात आण्णांची नक्कल करायची. ओठ दाबून स्टेअरिंग फिरवणं, मिशीवरनं हात, हलगीच्या ठोक्याला एक भुवई वर. हुबेहूब! पोरं हसून गटारात पडत. आण्णा मान वळवून बघायचे ते उजव्या चाकाकडं. फाळक्यामागचं त्यांना कधी दिसलंच नाही. आणि गल्लीतल्या एकानंही, अगदी भांडणात सुद्धा, ते त्यांना सांगितलं नाही. ट्रॅक्टर थांबला तसा हाही खेळ थांबला.

तर हे बोर्ड. संयोगिता आणि अभिराम ह्या दोघांची उद्यमनगरात एक पत्र्याची शेड होती, तिथं ते गाड्यांची इलेक्ट्रॉनिक कामं करत. अभिराम मंगळवार पेठेतला, आई-वडील दोघंही शिक्षक, त्यामुळं बोलणं सगळं शाळेच्या पुस्तकातलं. बायडाबाईंचा त्याच्यावर फार जीव. "प्वार लई गुणाचं हाय," त्या म्हणत, "पन चहात बिस्कीट बुडवतानाबी इचार करतंय." बेत असा की शेवटच्या ट्रॉलीच्या फाळक्यावर एक कॅमेरा, स्टेअरिंगपुढं एक पडदा, आणि मधे चित्र आणून दाखवणारा छोटा कॉम्प्युटर. कॅमेरा मिळाला, पडदा मिळाला. घोडं अडलं ते कॉम्प्युटरपाशी.

आधी हिरवा लावला. कॉलेजातली सगळी पोरं हाच वापरतात, संयोगितानंही त्याच्यावर शिकलेलं. शेडमध्ये तो वाघासारखा चालला. ट्रॅक्टरवर चढवला, चित्र लख्ख दिसलं, आणि आण्णांनी सवयीनं हलगी लावली. हलगी म्हणाली कडाड्, हिरवा म्हणाला रामराम. पडदा काळा. परत हळूहळू जागा झाला, परत कडाड्, परत रामराम. झालं असं की, प्रत्येक ठोक्याला ते राक्षसी स्पीकर बॅटरीतून भसकन घोट मारत आणि तेवढ्या क्षणाला हिरव्याच्या तोंडचं पाणी पळे. दोन-तीनदा असं झाल्यावर गल्लीतली पोरं ठोक्याला टाळ्या वाजवायला लागली.

"हलगी बंद ठेवून चालवलं तर?" अभिरामनं अदबीनं विचारलं.

आण्णांनी सगळं अंग वळवून त्याच्याकडं बघितलं. "बाळा, तू जेवताना तोंड बंद ठिवून जेवतोस काय?"

मग आला काळा. ह्याच्या डोक्यावर चिमुकला पंखा, अंगात जबर ताकद. स्पीकरनं घोट मारला तरी ह्याला उपास पडू नये म्हणून अभिरामनं त्याच्यासाठी वेगळी छोटी बॅटरीच जोडली. हा नुसतं चित्र दाखवत नव्हता, ट्रॉली आता कुठं जाणार ह्याच्या पिवळ्या रेषा आधीच काढत होता. संयोगिता त्या रेषांवर फिदा! आख्ख्या बावड्यात तिनं सांगून ठेवलं, माझा कॉम्प्युटर रस्ता आधीच काढून दावतोय, नाद खुळा! त्यावर अभिरामनं आणखी एक कमाल केली होती. मागं कुणी आलं की पडद्यावर त्याच्याभोवती लाल चौकट यायची आणि वर शुद्ध मराठीत शब्द उमटायचा.

पहिल्या चाचणीला मागं आल्या बायडाबाई, धुण्याची बादली घेऊन. पडद्यावर लाल चौकट, त्या चौकटीत बायडाबाई, आणि डोक्यावर ठळक अक्षरांत 'अडथळा'. पोरांनी असला दंगा केला की त्या बादली टाकून पुढं बघायला आल्या.

"मला अडथळा म्हनतंय ह्ये?"

"काकू, तसं नाही," अभिराम गडबडला. "तो सगळ्यांनाच म्हणतो. कुत्रं, मांजर, माणूस..."

"म्हंजी मी आनि कुत्रं एकच व्हय?"

"त्याच्या दृष्टीनं... हो."

अभिराम, लेका, कधीतरी खोटं बोलावं माणसानं! पुढं दोन दिवस त्याला चहा मिळाला तो बिनसाखरेचा.

तिसरा डबा. तो एका कंपनीनं नमुना म्हणून पाठवलेला, खास गाड्यांसाठी केलेला, पण जुन्या डोक्याचा. बॅटरी कमी होऊ दे, जास्त होऊ दे, हा ढिम्म. पण ह्याला रेषा काढता येत नव्हत्या, माणूस ओळखता येत नव्हता. कॅमेऱ्यात दिसेल ते पडद्यावर टाकायचं, ह्यापलीकडं अक्कल नव्हती. संयोगितानं तो एकदा लावून बघितला, तोंड वाकडं केलं आणि शेडमध्ये कागद उडू नयेत म्हणून ठेवून दिला. निवड झाली काळ्याची.

आता परत खंडेनवमीच्या सकाळकडं या.

पाट मांडला होता अंगणात, ट्रॅक्टरच्या मागच्या हुकाखाली. आण्णांचे पाने, कोयते, संयोगिताचं सोल्डरिंगचं मशीन, आणि शेजारी ओळीनं हिरवा, काळा, डबा. काळा खरं तर ट्रॅक्टरवर घट्ट बसवलेला होता, पण अभिरामच्याच मनात आलं की ज्याला काम करायचंय त्याची पूजा व्हायलाच हवी. त्यानं तो सोडवून खाली आणला. बरं, आणला तर आणला, वायर जोडून चालूही केला आणि पडद्यावर फुलाफुलांच्या अक्षरांत 'शुभ खंडेनवमी' लावलं. शेजारच्या बायका बघून गेल्या. अभिरामची छाती फुगून मंडळाच्या गणपतीएवढी झाली.

बायडाबाईंनी हळद वाहिली. काळ्याच्या पंख्यानं ती वरच्या वर पकडली आणि सरळ अभिरामच्या तोंडावर फुंकली. पिवळाधमक झाला बिचारा, लग्नातल्या नवरदेवागत. संयोगिताला जे हसू फुटलं ते तिथंच, आणि मग कुंकू वाहिलं, फुलं वाहिली, तरी ते थांबेना. दरसाल नारळ आण्णा फोडत, पण आता मानेला हिसका नको म्हणून नारळ बायडाबाईंनी घेतला. हुकावर एकच घाव. खाटकन दोन शकलं झाली आणि त्यांनी वाटीतलं पाणी मोठ्या भक्तीनं पाटावरच्या सगळ्यांना वाटलं. पान्याला थोडं, कोयत्याला थोडं, हिरव्याला थोडं, डब्याला थोडं. काळ्याला जरा जास्त.

फुर्र झालं. पंख्यानं पाणी चौफेर उडवलं, निळी ठिणगी उडाली. 'शुभ खंडेनवमी'चं आधी 'शुभ खं' झालं, मग 'शु', आणि मग अंधार.

"काकू! चालू होता तो!" अभिराम किंचाळला.

"मंग? ट्रॅक्टरबी चालूच असतोय की नारळ फोडताना. त्यो कधी मेला न्हाई."

काळ्यातून जळक्या खोबऱ्याचा वास येत होता. हिरवा झेंडूसकट चिंब, वाळवून बघायचं म्हटलं तरी दिवस जाणार. डब्यावरचं कुंकवाचं पाणी मात्र त्याच्या गुळगुळीत पाठीवरून घसरून खाली गेलं होतं. आत थेंब नाही. संयोगिता पाटाशेजारी मातीत बसून पोट धरून हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्यातलं हसण्याचं किती अन् रडण्याचं किती हे तिलाही सांगता आलं नसतं. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी जीपचा हॉर्न वाजला. कुरुंदवाडचं पावणं लवकरच आलं होतं.

तिनं डबा उचलला, ओढणीला पुसला.

"तो?" अभिराम म्हणाला. पिवळ्या चेहऱ्यावर त्याचे डोळे आणखीच मोठे दिसत होते. "संयू, त्याला रेषा काढता येत नाहीत. काहीच कळत नाही त्याला. आपलं सगळं काम..."

"आपलं काम गेलं नारळात. ऐक, अभिराम. आण्णांची मान गेलीय. डोस्कं न्हाई गेलेलं! आणि आपण दोघं इतके दिवस त्यांच्यासाठी डोस्कं बसवत बसलतो. त्यास्नी मान पायजे, मान. ती ह्या डब्यात हाय. मी वायर जोडतो, तू कॅमेरा बघ."

हे बोलताना तिला स्वतःचाच राग आला. रेषांचा थाट तिला मिरवायचा होता, आण्णांना नव्हे. पण राग करत बसायला वेळ कुणाला होता? दातांत स्क्रू, मांडीवर लॅपटॉप, सीटखाली डोकं, असं तिनं काम उरकलं.

इकडं पावणं अंगणात आलं. पांढरीशुभ्र टोपी, कडक इस्त्री, हातात पेढ्यांचा पुडा. सौदा झालाच असं धरून त्यांनी पेढे आधीच आणले होते. आण्णांनी त्यांना कट्ट्यावर बसवलं, चहा सांगितला, आणि म्हणाले, "पावणं, जरा थांबा. लेकीला शब्द दिलाय. एकदा बसतो, बोळातनं मागं घिऊन दारात लावतो. न्हाई जमलं तर ट्रॅक्टर तुमचा."

"बसा की," पावणं म्हणालं. "आमाला काय घाई न्हाई." पण त्यांची नजर ट्रॅक्टरच्या नव्या टायरांवरनं हलत नव्हती.

आण्णा चढले. वर्षानं चालवायला चढले. चावी फिरवली, इंजिन धडधडलं, आणि संयोगितानं पडद्यावर डोळे लावले, कारण बॅटरीच्या असल्याच धक्क्याला हिरवा नेहमी गचके. पडदा हलला सुद्धा नाही. मग आण्णांनी हलगी लावली. कडाड्! चित्र जागच्या जागी. कडाड् कडाड्! डबा ढिम्म. अभिरामनं आनंदानं उडी मारली आणि पिवळ्या हातांनी शेजारच्या काकांना मिठी मारली. ट्रॅक्टर दोन्ही ट्रॉल्या घेऊन बोळाच्या टोकाला गेला, थांबला, आणि आण्णांनी रिव्हर्स टाकला.

संयोगिता मोठ्या चाकाच्या बाजूनं चालत होती. तिथून तिला पडदाही दिसत होता आणि आण्णांचा चेहराही. कपाळावर घाम, ओठ दाबलेले, मान सरळ, डोळे पडद्यावर. स्टेअरिंग थोडं उजवीकडं, थोडं डावीकडं. पहिली ट्रॉली वळली. दुसरी जराशी रुसली आणि मग तीही वळली. गल्लीतली दारं उघडायला लागली, माणसं उंबऱ्यावर आली. जमतंय! आयला, जमतंय की! तिला वाटलं आता आपण फुग्यागत वर उडून जाणार.

आणि तेव्हा तिला पडद्यावर आई दिसली.

फाळक्यामागं बायडाबाई उभ्या होत्या. पदर खोचलेला, हातानं कोंबड्या हाकलत, "येऊ द्या, येऊ द्याऽऽ". लाल चौकट नाही, अक्षरं नाहीत. अख्खी बायडाबाई, कपाळावरच्या कुंकवासकट. वर्षानं हलगीच्या तालावर ट्रॅक्टर मागं येत होता, वर्षानं पोरं गोळा झाली होती, आणि त्यांच्या अंगात आलंच. आधी मिशीवरनं हात. मग ठोक्याला भुवई. पोरं खिदळली. मग त्यांनी नवा प्रकार काढला. खांदे ताठ केले, मान काठीसारखी धरली आणि कुणीतरी हाक मारल्यागत सगळं अंग एकदम वळवलं, कपाट फिरवल्यासारखं.

संयोगिताला एकदम आठवलं. काळा मेला तसा कॅमेराही मेला असं आईनं धरलं होतं, डब्याचं तिला सांगायचंच राहिलं होतं! काळा असता तर रेषा आणि लाल चौकटीच्या गर्दीत आईकडं आण्णांचं लक्षही गेलं नसतं. ह्या अडाणी डब्यानं सगळं जसंच्या तसं आणून आण्णांच्या नाकासमोर ठेवलं होतं. "आई! अगं आई!" ती ओरडली. हलगीपुढं तिचं कोण ऐकतंय?

आण्णांनी ब्रेक दाबला.

बोळाच्या मधोमध ट्रॅक्टर उभा राहिला. पावणं कट्ट्यावरनं उठलं. "बंद पडला का?" अभिरामनं लांबून विचारलं. संयोगिताला दिसले ते आण्णांचे खांदे. ते गदगदत होते. मेलो, ती मनात म्हणाली, आता आण्णा खाली उतरणार, चावी पावण्यांच्या हातात देणार आणि उद्या जेवणारसुद्धा नाहीत. ती पायरीवर चढली आणि त्यांच्या तोंडाकडं बघितलं.

आण्णा हसत होते. आवाज फुटत नव्हता इतके हसत होते. डोळ्यांतून धारा लागलेल्या, एक हात पोटावर, एक हात पडद्याकडं.

"ही... ही कवाधरनं करालीय हे?"

"मला कळायला लागल्यापासनं तरी रोज," संयोगिता म्हणाली.

"आनि गल्लीला म्हाईत हाय?"

"सगळ्या गल्लीला. तुमी सोडून."

"तिच्या मायला!" आण्णा म्हणाले. "मी आपला मान मोडून चाकाकडं बघत बसलतो, आनि खरा खेळ मागंच व्हय!"

मान. वर्षभरात आण्णांच्या तोंडून तो शब्द पहिल्यांदा बाहेर पडला होता. संयोगितानं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि मोकळी रडली.

मग आण्णांनी हलगी बंद केली. स्वतःच्या हातानं, भर रिव्हर्समध्ये. आणि मागं न वळता, समोरच्या पडद्याकडं बघत, ते मोठ्यानं ओरडले, "बायडेऽ! कपाट झ्याक जमलंय, पन डावा खांदा जरा वर पायजे!"

फाळक्यामागं बायडाबाई जागच्या जागी थिजल्या. त्यांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, शेवटी कॅमेऱ्याच्या त्या बटणाएवढ्या डोळ्याकडं बघितलं. "आत्ता गं बया," त्या म्हणाल्या, "मी दिसतोय व्हय?" आणि पदर तोंडावर घेऊन त्या अशा पळाल्या की दोन कोंबड्या मागं राहिल्या.

आण्णांनी परत हलगी लावली आणि ट्रॅक्टर एका दमात मागं आणला. दुसरी ट्रॉली दाराच्या खांबापासून वीतभर अंतरावर येऊन उभी राहिली, सरळ. गल्ली ओरडली, शिट्ट्या वाजल्या. पावण्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं, परत घातली, आणि पेढ्यांचा पुडा उघडून पहिला पेढा स्वतःच्याच तोंडात टाकला.

"आता ह्यो ट्रॅक्टर तुमी काय देत न्हाई," ते म्हणाले.

"न्हाई की," आण्णा वरनंच म्हणाले. "पेढं वाटा आनि जेवून जावा."

अभिराम हळद पुसत पुढं आला. काळा वाळवून बघतो म्हणाला, नाहीतर नवा आणतो. रेषाही येतील, चौकटही येईल. आण्णांनी विचारलं, "त्यात ही अशी दिसंल काय? की नुसतं अडथळा?"

"चौकट तर येणारच, आण्णा."

"मंग नगं. ह्यो डबाच ऱ्हाऊ दे."

ह्यावर घरातून आवाज आला, "अभिराम, चहा टाकलाय. दोन चमचे साखर घातलीया." नारळाचं पाणी काळ्यावर इतकं कसं सांडलं, हे त्यानं विचारावं की नाही असा विचार केला, आणि आयुष्यात पहिल्यांदा विचार अर्धा सोडून चहा घ्यायला गेला.

पावणं जेवायला बसायच्या आत ट्रॅक्टर परत सुरू झाला. काम काहीच नव्हतं. ट्रॉल्या रिकाम्या, ऊस शेतात, हंगाम लांब. तरी आण्णा बोळाच्या टोकापर्यंत गेले आणि रिव्हर्स टाकून थांबले. पडद्यावर रिकामा बोळ दिसत होता, कोंबड्या आणि पोरं. आण्णा थांबूनच राहिले. हलगी वाजत राहिली. शेवटी घराच्या दारातून बायडाबाई आल्या, लाजत, पदरानं तोंड अर्धं झाकून, आणि फाळक्यामागं येऊन उभ्या राहिल्या.

"अगं, उभी काय नुसती?" आण्णा ओरडले. "ते मानेचं परत कर की!"

बायडाबाईंनी पदर खोचला, डावा खांदा जरा वर घेतला, आणि केलं.